नाही म्हणणारं माणूस पाहिजे

रिठदची सुकेशनी पुण्याला नेमकं काय करते, हे रिठदमध्ये कोणाला सांगता येत नसे. पुण्यातही फारसं कोणी ठामपणे सांगत नसे.

"रक्ताच्या कामात हाये, पर सुई टोचत नाई," असं तिचे वडील रामकिसन चहाच्या टपरीवर सांगत. सिकलसेलसारखा आईबापाकडून लेकरात उतरणारा आजार शोधायला रक्त तपासायचं, तर लोकांची परवानगी कशी घ्यावी आणि मिळालेल्या माहितीचं सरकारने काय करावं, यावर तिचं संशोधन होतं. गोजराआत्याने ते केव्हाच एका वाक्यात आटोपलं होतं: "इचारू का, असं इचारते." एवढंच सांगायला संस्थेला मात्र जाडजूड अहवाल लागत.

नोकरी करारावरची. यंदाची मुदतवाढ रिठदच्या अभ्यासावर अडकली होती. आणि रिठदने घात केला. सगळ्या गावाने होकार दिला.

"एकही नकार नाही? मग ही संमती म्हणायची की दबाव?" पुण्याच्या समितीने विचारलं. आक्षेप बिनतोड होता. तो एकमताने मंजूर झाला. संचालकांसमोर तिथे आजवर सगळं एकमतानेच मंजूर होत आलं होतं.

तेव्हा जनुकशास्त्राच्या नीतिमत्तेत पीएचडी केलेली ही बाई, नाही म्हणणारं माणूस शोधायला गावी परतली. वडिलांनी आधीच भोंग्यावरून पुकारा केला होता. समाजमंदिरात बाया अंगठे पुढे करूनच बसल्या होत्या.

"आत्या, मनात नसेल तर नाही म्हण ना."

"तुले नाई म्हनू? लोक काय म्हनतीन? घरच्या पोट्टीले पाडलं म्हनतीन!"

सुकेशनीने छापील कागद बाजूला ठेवला. "आत्या, तुझ्या रक्ताची माहिती पुण्यात राहीन. उद्या तुझ्यात दोष निघाला, तर तो सपनातही असू शकते."

सपना म्हणजे आत्याची नात. मानोऱ्याकडच्या पाहुण्यांशी तिच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं. आत्याचा अंगठा पदरात गेला.

"हे आंधी काहून नाई सांगतलं?"

"मागच्या वेळी वाचून दाखवलं होतं!"

"तू वाचत होती तवा मी तुह्याकडं पाहून राह्यली होती. किती वाळली पोट्टी, म्हनून." आत्या उठली. "मी नाई देत बाप्पा रक्त."

तिच्यामागे अर्धी रांग उठली. रामकिसनरावांनी भोंग्याच्या वायरकडे असं पाहिलं, की जणू सगळा दोष तिचाच.

सुकेशनी मात्र हरखली. खरेखुरे नकार! तिने लगोलग पुण्याला कळवलं. संध्याकाळी समितीचं उत्तर आलं: अभिनंदन. आता नकार देणाऱ्यांची, त्यांचा नकार नोंदवण्यास संमती घ्यावी.

ती आत्याच्या चुलीपाशी जाऊन बसली. "आत्या, तू नाही म्हणालीस, यावर अंगठा देशील?"

"नाई."

सुकेशनीला इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने मोबाइल काढला आणि समितीला लिहिलं, 'अंगठे मिळणार नाहीत. मी मागणारही नाही.' पाठवून झाल्यावर ते आत्याला वाचून दाखवलं.

"नोकरी जाईन का?" आत्याने विचारलं.

"जाऊ शकते."

"मंग पयले जेव."

दुसऱ्या भाकरीला सुकेशनीने पुरे म्हटलं, ताटावर आडवा हातही धरला. आत्याने तो हात बाजूला सारून भाकर वाढली. या एका बाबतीत रिठदला कोणाची संमती लागत नसे.