चिखलाचे पाय, पुढची सीट

माझ्या ताईचे स्वच्छ पाय कोणी पाहिले असतील तर ते तिच्या लग्नात. त्यानंतर ती आणि भावोजी लोकांना बागा करून द्यायला लागले, आणि तिच्या टाचांच्या भेगांत जी माती जाऊन बसली ती बसलीच. अंगणात हिरवळ लावायची, भिंतींवर वेल चढवायचे, कमळांसाठी लहानशी तळी करायची, हा त्यांचा धंदा. मोजमापं घेणं, घरमालकाशी गोड बोलणं आणि गाडी चालवणं भावोजींकडे. खणणं, तुडवणं, खत कालवणं ताईकडे, आणि तिच्या हाताखाली मी, तिची धाकटी बहीण. चिखल कोणाच्या वाट्याला आला हे वेगळं सांगायला नको.

मी हे रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. राग उतरला की लिहू असं म्हणत होते, पण तो उतरायचं नावच घेत नाही.

भावोजींनी नवी पिकअप घेतली. पुढे तीन माणसं ऐसपैस बसतील अशी केबिन, मागे सामानासाठी उघडा हौदा. जुनी गाडी खालून सडली होती. ओल्या बुटांची माती गालिच्याखाली मुरत राहिली, पत्रा गंजला आणि एक दिवस ताईच्या पायाखालच्या भोकातून चक्क रस्ता पळताना दिसला. त्या भोकाचा भावोजींनी असा धसका घेतला की नव्या गाडीतला करडा गालिचा त्यांचा जीव की प्राण झाला. चढताना ते बूट काढून पिशवीत घालायचे आणि घरातल्या सपाता घालून गाडी चालवायचे. आमचं काम संपलं की हौद्याकडे बोट दाखवायचे. "आज जरा मागे बसा गं दोघी. पाय बघा तुमचे."

हा 'आज जरा' रोजचा होता. ताई खताच्या पोत्यावर बसायची, एका हाताने फावडं धरायची, दुसऱ्याने डोक्यावरचा रुमाल. पाऊस आला तर ताडपत्री रोपांवर घालायची, कारण रोपं गिऱ्हाइकाची. पुढच्या सीटवर कोण, तर जेवणाच्या डब्यांची पिशवी. तिच्या वजनाने गाडीला वाटायचं माणूस बसलंय आणि गाडी कोकलायला लागायची, म्हणून भावोजी पिशवीला पट्टा लावायचे. काचेतून मला ती दिसायची. डब्यांना पट्टा आणि माझ्या बहिणीला धरायला फावड्याचा दांडा!

बरं, भावोजी काही दुष्ट नाहीत. कधी आवाज चढवत नाहीत, ताई आजारी पडली तर स्वतः खिचडी टाकतात. अशा माणसावर रागावणं फार जड जातं. भांडायला गेलं की ते इतक्या काकुळतीने "अगं, गाडी टिकायला नको का?" म्हणतात की आपणच कजाग ठरतो. ताई म्हणूनच मूग गिळून बसायची.

मग एकदा एका बंगल्याच्या फाटकाशी आम्ही हौद्यातून उतरलो, आणि तिथल्या बाईंनी भावोजींना विचारलं, "बायका चांगल्या मिळाल्यात हो तुम्हाला. रोजाने आणता का?"

भावोजी हसले. नुसते हसले! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली कुंडी आपटावीशी वाटली. ताईने मात्र मान वर केली नाही, दिवसभर खणत राहिली. घरी आल्यावर दारातच उभी राहून म्हणाली, "मला पुढे बसायचंय. गालिच्यावर मॅट घाला, रबर घाला, पत्रा ठोका, काय वाटेल ते करा. उद्यापासून मी पुढे बसणार."

"मग मॅटच बघू की चांगली," भावोजी म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. भिंतीवर मॅट टांगलेल्या, दारात रबराचा वास. भावोजी सरळ चालत गेले ते एका बदामी रंगाच्या, मऊशार, टाके घातलेल्या मॅटपाशी. "सीटला मॅच होतेय," म्हणाले. बदामी! दिवसभर शेण आणि काळी माती तुडवणाऱ्या माणसांना बदामी! मी दात-ओठ खात उभी राहिले.

ताईने पिशवीतून एक डबा काढला. भाजीचा असेल असं मला वाटलं. तिने झाकण उघडलं तर आत तळ्याची चिकणमाती, चांगली ओली, लोण्यासारखी. तिने ती बोटांवर घेतली आणि बदामी मॅटवर फासली.

"ओ बाई!" दुकानदार गल्ल्यावरून उठून धावत आला.

"भरून देईन. पाणी आणा," ताई म्हणाली.

पाणी आलं. माती टाक्यांत जी रुतली ती निघेना. भावोजी लाजेने लाल झाले, पण ताई हलली नाही. "आता ज्याची कड उंच असेल ते दाखवा."

दुकानदार आधी चिडला होता, मग त्यालाही मजा यायला लागली असावी. त्याने कापून बसवायचं रबर दाखवलं. ताई म्हणाली, "याच्या कडेने पाणी खाली जाणार. खाली गेलं की पुन्हा गंज." त्याने बारीक जाळीची मॅट दाखवली, त्यात माती दाताच्या फटीत अडकावी तशी अडकली. शेवटी त्याने आतून एक काळं लायनर आणलं, आमच्याच गाडीच्या तळाच्या मापाने साच्यातून काढलेलं, रुंद खाचांचं, चारी बाजूंनी ताटासारखी कड असलेलं. ताईने त्यात उरलेली सगळी माती ओतली, वर पाणी ओतलं आणि लायनर हलवून पाहिलं. थेंब बाहेर आला नाही. मग दारात नेऊन तिरकं धरलं, पाणी मारलं आणि माती सरसर निघून गेली.

"ब्रेकखाली सरकणार नाही ना?" ताईने विचारलं.

"हुक आहेत बघा. खाली आधीची मॅट असेल तर ती मात्र काढायची, एकावर एक नाही घालायची," दुकानदार म्हणाला. "याच्यावर काहीही सांडा, बाई. पाणी मारलं की संपलं."

ताईने ते लायनर उचलून काखोटीला मारलं आणि भावोजींना विचारलंसुद्धा नाही. तिला इतकं खूश मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

भावोजींनी ते स्वतः बसवलं, हुक ओढून ओढून पाहिले. मग फडक्याने पुसलं. मग कसलंसं तेल लावून चकचकीत केलं. आणि सकाळी ताई गमबूट घालून पुढचं दार उघडते तर लायनरवर वर्तमानपत्र अंथरलेलं.

"हे काय हो?"

"नवीन आहे गं. चार दिवस राहू दे."

आता बोला! गालिचा खराब होऊ नये म्हणून लायनर, आणि लायनर खराब होऊ नये म्हणून वर्तमानपत्र. ओल्या बुटांखाली कागदाचा लगदा व्हायचा, मग भावोजी त्यावर गोणपाट घालायला लागले. एवढं करूनही तळ्याच्या कामाच्या दिवशी म्हणायचे, "आज जरा मागे बस." ताई एकदा बसली, दोनदा बसली. माझं तिच्याशीही भांडण झालं. "तू बसतेस कशाला?" मी ओरडले. "रस्त्यात तमाशा नको," ती म्हणाली. मला तिचाही राग आला होता, आणि तो बरोबरच होता असं मला अजून वाटतं.

त्यानंतरचं काम एका जुन्या घराच्या परसात होतं. तळ्याच्या तळाला चिकणमाती घालून ती अनवाणी तुडवावी लागते, तरच पाणी धरून राहतं. ताई कडेकडेने तुडवत होती. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "काहीतरी लागलं." पाय वर उचलला तर तळवा टाचेपासून उभा फाटलेला. मातीत कोणीतरी कधीकाळी फुटकी बाटली पुरली होती. मातीवरून रक्त नुसतं वाहत होतं.

मी रुमाल बांधला आणि तिला खांद्याचा आधार दिला. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते गाडीकडे धावत सुटले. आम्ही लंगडत, घसरत गाडीपाशी पोचलो. पुढचं दार सताड उघडं होतं आणि भावोजी आत वाकलेले. मला वाटलं सीट मागे सरकवताहेत.

ते वर्तमानपत्र अंथरत होते.

डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कागदाचे कोपरे नीट कडेपर्यंत बसवत होते. "एक मिनिट हं, एक मिनिट," म्हणत होते. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्यांच्या पाठीत बुक्की घातली, तेवढं मात्र लिहिते.

ताई नुसती बघत होती, ते कोपरे, ते हात. मग तिने माझा खांदा सोडला, दाराला धरून उभी राहिली, वाकून सगळे कागद ओढून काढले आणि त्यांचा बोळा करून रस्त्यावर फेकला. पुढच्या सीटवर बसली आणि चिखलाने, रक्ताने भरलेला पाय त्या काळ्या लायनरवर पुरा टेकवला.

"चला," म्हणाली.

दवाखान्यात टाके पडले. परत आलो तर लायनरच्या खाचा रक्तामातीने भरलेल्या होत्या. ताईला घरात टेकवून मी बाहेर आले तोवर भावोजींनी पाण्याचा पाइप ओढत आणला होता. खिडकीतून ताईचा आवाज आला. "हात लावू नका त्याला."

"अगं, वाळलं की—"

"वाळू दे."

ते वाळलं आणि तसंच राहिलं. ताई पाय बरा होईपर्यंत खणू शकत नव्हती, पण कामावर रोज यायची, पुढच्या सीटवर बसून, बांधलेला पाय त्याच डागांवर ठेवून. मधल्या जागेत मी, माझे गमबूट घालून. डब्यांची पिशवी हौद्यात गेली. भावोजी समोर बघत गाडी चालवायचे. सिग्नलला गाडी थांबली की त्यांची नजर खाली जायची आणि लगेच वर यायची. एकदा त्यांनी "माझं चुकलं" म्हटलं. ताई म्हणाली, "हो."

टाके निघाले त्या दिवशी तिने स्वतःच हुक सोडवले, लायनर ओढून अंगणात आणलं, भिंतीला टेकवलं आणि पाइप धरला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. लालसर गढूळ पाणी पायरीवरून वाहून गेलं आणि लायनर पुन्हा दुकानातल्यासारखं काळं झालं. भावोजी शेजारी उभे होते. त्यांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला.

"निघालं गं सगळं," ते म्हणाले.

"मॅटवरचं," ताई म्हणाली.

तिने लायनर परत गाडीत बसवलं आणि हुक ओढून पाहिले. मग दारामागचे गमबूट घातले, जुन्या, वाळलेल्या चिखलासकट, आणि पुढे जाऊन बसली.