अकरावा धडा आणि गुरुवारची वीज

कॉम्प्युटरला मी कधी भ्यायले नव्हते. साठी उलटल्यावर माझी मीच शिकले आणि दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागले. त्या आठवड्यात मात्र हात लावायला धजेना. पडद्यावरचा बाण आपोआप सरकायचा, न उघडलेली पानं उघडायची. आणि आतला व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम म्हणत होता, सगळं सुरक्षित आहे!

आत माझ्या आवाजातलं इतिहासाचं अख्खं पुस्तक होतं. नागपूरकडून शिकायला आलेली एक अंध मुलगी त्याची वाट बघत होती. सोमवारी तिचा पेपर, आणि माझा घसा बसलेला. पुन्हा वाचणं शक्यच नव्हतं. तसंच पाठवावं, तर ती कीड तिच्याही कॉम्प्युटरमध्ये शिरायची.

वारज्याहून भाची आली, आयटीतली. म्हणाली, "मावशी, वॉचमनच चोराला सामील असेल तर त्याला विचारून काय उपयोग? याला उठवायचंच नाही. बाहेरून तपासू." तिच्या कॉम्प्युटरवर तयार केलेला पेनड्राइव्ह तिने लावला आणि त्याच्यावरूनच मशीन सुरू केलं. माझा नेहमीचा पडदा आलाच नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं नुसती धावत सुटली. मी विचारलं,

"पुसलं का गं सगळं?"

"नाही गं, नुसतं शोधतंय."

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आज गुरुवार आहे, हे दोघींना ठाऊक असेलच."

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. आणि गेलीच! पंखा थांबला, टेबलाखालची बॅटरी टीं टीं ओरडू लागली. नेमकी तेव्हाच कीड सापडल्याची लाल ओळ आली. नाव माझ्या अकराव्या धड्याचं!

"काढायची का, मावशी? लवकर सांग, बॅटरी फार टिकणार नाही."

"अगं, माझा धडा आहे तो!"

"या नावाच्या दोन फाइली दिसतायत. एक मोठी, एक एवढीशी. लाल आहे ती एवढीशी."

माझा धडा चांगला पाऊण तासाचा. तो एवढ्याशात कसा मावेल? ही नाव चोरलेली कीडच असणार. पण तिथे ऐकून बघायची सोय नव्हती. "काढ," म्हटलं, आणि डोळेच मिटले. तिने ती काढून मशीन बंद केलं.

वीज संध्याकाळी आली. तोवर मला घास गेला नाही. भाचीने पुन्हा सगळं बाहेरून तपासलं, काही सापडलं नाही. मग नेहमीसारखं सुरू केलं. अकरावा धडा लावला. माझाच आवाज! तरी मी एकेक करून सगळे धडे ऐकले आणि मगच पाठवले.

पाठवल्यावर पुन्हा धाकधूक. न राहवून मुलीला फोन केला. "बाळा, तुझ्याकडे बाण आपोआप हलत नाही ना गं?"

ती हसली. "बाण मला कुठे दिसते, आजी? पण आवाज बरोबर येऊन राहिला तुमचा."