रिजेक्ट झालेली रिंग

सातपूरच्या आमच्या वर्कशॉपात लेथवर काम करणारे काका हातातला जॉब कधीच अर्धा सोडत नाहीत. त्यांनी बनवलेली एक रिंग अंतराळयानात बसून वर गेली, म्हणून मालकांनी सत्कार ठेवला. काका काम संपवूनच आले, तेही हात पुसत.

पत्रकाराने विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

काकांनी खिशातून दुसरी रिंग काढली. "ही माझ्याच हातून रिजेक्ट झाली. केसभर जास्त कापली गेली. फोटो काढायचा तर हिचा काढा."

सगळे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती रिंग पुन्हा लेथसमोरच्या खिळ्याला अडकवली आणि मशीन सुरू केलं.

शेजारच्या लेथवर मी असतो. माझे रिजेक्ट जॉब मी कोणी बघायच्या आत भंगारात टाकतो.