आबांची न भरलेली सत्तरी

आमच्याकडे धडधाकट माणसाचा दवाखान्याचा कागद करत नाहीत. केला की दुखणं दार शोधत येतं, असं आई म्हणते. सत्तरी गाठलेल्यांना सरकार उपचाराचं कार्ड देतं, हे सांगायला गावच्या आशाताई दोनदा आमच्या दारात आल्या. दोन्ही वेळा मी घरी होतो. दोन्ही वेळा आई म्हणाली, "बाई, अभद्र बोलू नगंस, म्हातारं चांगलं चालतंय." आणि मी, पदवी घेतलेला, अख्ख्या वस्तीचे अर्ज भरून देणारा शहाणा, चहा पीत बसलो. त्या बाईंना उन्हात परत जाऊ दिलं याची मला अजून चीड येते.

मग आबांना, माझ्या वडिलांना, धाप लागायला लागली. गोठ्यापासून ओट्यापर्यंत येताना ते दोनदा थांबायचे. हृदयाची झडप गेलीय, ऑपरेशन करा, वर्षभर थांबू नका, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा कुठे कार्ड आठवलं. तहान लागल्यावर विहीर खणणारी जात आमची.

राहूहून जीपनं आबांना घेऊन तळेगाव ढमढेऱ्याच्या सेवा केंद्रात गेलो. आई हट्टानं बरोबर आली. केंद्रातल्या माणसानं आबांचा अंगठा घेतला, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "यांचं नाही होणार. यांना सत्तर व्हायला अजून तीन वर्षं आहेत." मग सहज आईचं आधार मागून घेतलं. "काकूंचं मात्र आत्ता होतंय."

"डोळे फुटले का तुमचे?" मी ओरडलो. "दोघांतलं म्हातारं कोण दिसतंय?"

"मला काय दिसतं त्याला कोण विचारतंय? आधारवर आहे तेच चालतं."

तो बरोबर होता. म्हणून तर त्याची मान धरावीशी वाटली.

कारण आधारवर होतं ते मीच घातलं होतं. आबांच्या जन्माची नोंद कुठेच नाही. मेंढरामागं फिरताना कुठल्याशा माळावर ते जन्मले. बहात्तरच्या दुष्काळात मिसरूड फुटून दोन-तीन वर्षं झाली होती, एवढाच त्यांचा हिशोब. त्या हिशोबानं ते आज त्र्याहत्तरच्या आसपास आहेत, आणि पहिल्या आधारवर वय साधारण तसंच होतं. पुढं चराईचे माळ उसाखाली आणि प्लॉटिंगखाली गेले, मेंढरं विकली, आणि कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा निघाली. ठेकेदाराला साठीच्या आतला माणूस हवा होता. मी सरपंचाच्या लेटरहेडवर दाखला आणला आणि आबांची सहा वर्षं छाटून टाकली.

"आरं, वय कातरायला ती काय लोकर हाय व्हय?" आबा तेव्हा म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. आईचं वय तर त्याआधीच निराधार योजनेच्या पगारासाठी वाढवून ठेवलं होतं. कागदावर आई नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी झाली. "आबा, आता हिला अक्का म्हणा," असा विनोदही मीच केला होता.

आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती एक वेळ मी वापरून बसलो होतो. पुन्हा बदलायची तर मुंबईच्या कार्यालयाकडे अर्ज करा आणि जन्माचा पुरावा जोडा. पुरावा कोण देणार, मेंढरं? म्हणून सांगतो, तुमचं म्हातारं माणूस धड चालत असतानाच त्याचं आधार बाहेर काढा आणि त्यावरची तारीख वाचा. आम्ही आशाताईंचं पहिल्याच वेळी ऐकलं असतं, तर ही धावपळ करायला हाताशी वेळ तरी असता.

आईचं कार्ड निघालं. ते हातात घेऊन ती केंद्रातच रडायला लागली. "मला काय झालंय? मी चांगली हाय की. ह्येंच्या नावाचं करून द्या वो." रांगेतले लोक बघत होते. मला लाज वाटली आणि लाजेपोटी मी आईवरच खेकसलो.

घरी आलो तर दादा, माझा थोरला भाऊ, वाट बघत बसला होता. तो वेगळा राहतो. रेशनकार्डावर उपचाराची दुसरी योजना आहे, पण वाटण्या झाल्या तेव्हा त्यानं कार्ड वेगळं केलं आणि त्या घोळात आबांचं नाव दोन्हीकडून उडालं. ते परत चढवायचा अर्ज तहसीलमध्ये पडून आहे. त्यावरून दादाला अडाणी म्हणायची एकही संधी मी सोडलेली नाही.

सगळं ऐकून दादा आबांवर खवळला. "कुणी सांगितली व्हती ही अक्कल? कुणी कमी केलं वय?"

आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच केलं. नोकरीची हाव सुटली व्हती."

ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ते आबा असं म्हणाले आणि दादानं ते खरं मानलं. घडाघडा बोलत सुटला. म्हातारपणी हाव, पोरांच्या जिवाला घोर, काय वाटेल ते. आबा मान खाली घालून ऐकत होते. 'मी केलं' एवढंच मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही. दादासमोर अडाणी ठरणं मला आबांच्या अपमानापेक्षा जड वाटलं.

दादा गेल्यावर मी आबांजवळ बसलो. "आबा, मी सांगतो त्याला."

"गप," आबा म्हणाले. दम खाऊन पुढं बोलले, "तुम्ही दोघं भांडलासा तर मला दवाखान्यात कोण न्हील? तीन वर्सं म्हंजी लई न्हाईत. काढतो मी."

डॉक्टरांनी एक वर्षसुद्धा दिलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही.