धम्मदीपची अट

देवळीच्या विहारात वधू-वर परिचय मेळावा होता, अन् धम्मदीपला आईनं सकाळीच तिथं आणून बसवलं होतं. चौतिशी गाठलेली, कृषी केंद्रात नोकरी, दारूला शिवत नाही. मग घोडं अडलं कुठं, म्हणून अख्खी गल्ली डोकं खाजवायची. अडलं होतं जाम गावच्या चौकात. तिथं टायरचं दुकान चालवणाऱ्या सचिनवर त्याचा जीव होता. सांगायची सोय नव्हती. म्हणून चालायचं कसं, हसायचं किती, सचिनचा फोन आला की चेहरा कसा ठेवायचा, सगळं बेतून बेतून. छाती धडधडायची, झोप उडायची. डॉक्टर ॲसिडिटीची गोळी द्यायचे. गोळीनं काय होतंय, कपाळ!

पोरी नाकारून नाकारून त्यानं आईला, कमलाबाईला, रडकुंडीला आणलं होतं. यंदा त्यानं शक्कल लढवली. अट अशी घालायची, की आईनंच नको म्हणावं. माईक हातात आला तसा बोलला, "सगळ्यायले जयभीम. मले विधवाच पाह्यजे, लेकरू असलेली. नाईतं मी लग्नच करत नाई."

आता बोला! सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट. आपण भाषणं ठोकतो, या पोरानं करून दाखवलं, असं अध्यक्ष म्हणाले. कमलाबाई पदरानं डोळे पुसत होती. "माह्या लेकानं नाव काढलं वं!" शहाण्यानं सगळा हिशेब केला, पण आईचं काळीज ओळखलं नाही.

मागून ज्योत्स्ना उठली. अंगणवाडीत मदतनीस, खांद्यावर झोपलेली पोर. दोघांना बाजूच्या खोलीत बसवलं.

"दया आली म्हून बोल्ले का?" तिनं सरळच विचारलं.

"नाई."

"पयल्या नवऱ्यानं मरेपर्यंत दारू लपवली माह्यापासून. गरिबी सोसीन मी, पन लपवाछपवी आता नाई सोसनार. काही असन तं आत्ताच सांगा. मी कोनाले सांगनार नाई."

इतक्या वर्षांत त्याला असं कुणी विचारलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. सांगून टाकावं, सगळं सांगून मोकळं व्हावं. त्यानं तोंड उघडलं, अन् दारात कमलाबाई उभी, हातात पेढ्यांचा पुडा. तिला इतकी खुश त्यानं बाप गेल्यापासून पाहिली नव्हती. तिच्यामागं अध्यक्ष अन् मोबाईल धरून फोटो काढणारी मंडळी.

"सांगा ना," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

"काहीच नाई," धम्मदीप म्हणाला.

आईनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. ज्योत्स्ना पहिल्यांदाच हसली. तिनं विश्वास ठेवला होता.