बर्फ कुणी काढायचा?

आमच्या गल्लीत बर्फ वर्षातून फार तर तीन-चार वेळा पडतो आणि दोन दिवसांत निघून जातो. त्याचे किस्से मात्र पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरतात. ऑकलंडमधल्या पापाटोएटोची मावशी फोनवर विचारते, "स्नो म्हणजे किती रोमँटिक ना गं?" तिला एकदा आमचा उतार दाखवायला हवा.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं आमचं गाव सगळं चढउतारांचं. आमचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला. खाली सात घरं, मग मेन रोड, मग हॉस्पिटल. आई तिथे नर्स. सकाळी सातची ड्युटी. बर्फ असला की गाडी काढता येत नाही, म्हणून ती चालत उतरते. २००४च्या हिवाळ्यात ती फुटपाथवर घसरली आणि मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं त्या दिवशी बाबा म्हणाले, "पुन्हा पडलीस तर नोकरी सोडायची."

"बरं," आई म्हणाली. तीस वर्षांची नोकरी तिनं त्या एका शब्दावर पणाला लावली.

*

२००५ साली मी कॅनडातून कॉलेज संपवून परतले ती याच विषयाचा झेंडा घेऊन. मी जिथे शिकले तिथे आपल्या घरासमोरचा फुटपाथ आपण साफ करायचा, नाहीतर दंड. जेवताना मी यावर घरच्यांना मोठं भाषण दिलं. नागरिकत्व, शेजारधर्म, सगळं त्यात होतं. बाबा फार्मासिस्ट आहेत, शांतपणे ऐकून घेतात. शेवटी म्हणाले, "मुक्ता, आमटी गार झाली."

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन लावला. पलीकडची बाई फार गोड होती. मेन रोड आणि बसचे रस्ते आम्ही बघतो, म्हणाली. मग आमचा फुटपाथ कुणी साफ करायचा? तिनं जरा विचार केला.

"तो बर्फ आपला आपण जातो, डिअर. बहुतेक गुरुवारपर्यंत."

*

मग फावडं शोधायला निघाले. बर्फाचं फावडं अख्ख्या गावात मिळेना. हार्डवेअरच्या दुकानदारानं मला वाळूचं दाखवलं, बागेचं दाखवलं, आणि शेवटी घोड्याची लीद काढायचं रुंद फावडं पुढे केलं. "हेच त्यातल्या त्यात जवळचं." मी तेच घेतलं.

पहिला बर्फ पडला. मी पहाटे उठून आमच्या घरासमोरचा फुटपाथ काळाभोर दिसेपर्यंत खरवडला. खालच्या घरातले जिम चहाचा मग घेऊन कुंपणाशी आले. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरलेले, पंचाहत्तरीचे गृहस्थ. बराच वेळ बघत उभे राहिले.

"काही हरवलंय का, पोरी?"

आई आमच्या कुंपणापर्यंत ऐटीत चालली. तिथून पुढे सात घरं कुंपणाच्या तारेला धरून उतरली.

*

मी हार मानली नाही. प्रत्येक घराच्या टपालपेटीत पत्रक टाकलं : 'आपापल्या घरासमोरचा बर्फ आपण काढू या.' सात घरांतून एकच उत्तर आलं, तेही तोंडी, जिमकडून.

"फुटपाथ माझा नाही. माझा असता, तर मी तुम्हा सगळ्यांना त्यावरून चालू दिलं असतं असं वाटतं तुला?"

*

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, कराडहून तीन महिन्यांसाठी आली. इंग्रजी शून्य, उत्साह माझ्या दुप्पट. दारात सडा घातल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. एका सकाळी, मी आदल्या संध्याकाळी चकचकीत केलेल्या फुटपाथवर तिनं दोन बादल्या सडा घातला. थंडी फार म्हणून गरम पाण्याचा.

आईचा चहा होईपर्यंत त्याची काच झाली होती.

आई फाटकाबाहेर पाऊल टाकते न टाकते तोच पाय सुटले. तीस वर्षांचा अनुभव असावा, तिनं क्षणात पर्स पोटाशी धरली आणि बैठक मारली. बसल्या बसल्या घसरत ती थेट जिमच्या फाटकाशी थांबली. खिडकीत बाबा उभे होते. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, "मी पडले नाही. मी बसले."

पेपर घ्यायला आलेल्या जिमना मराठी कळलं नसेल, पण बाबांची अट गल्लीभर माहीत होती, त्यामुळे प्रसंग कळला. त्यांनी बाबांकडे बघून मान हलवली. "बसल्याच त्या. मी पाहिलंय."

संध्याकाळी बाबांनी नियम सुधारला. "पुढच्या वेळी बसणंही धरीन."

*

आता मी मिठाचं पोतं आणलं. कॅनडात सगळीकडे मीठच टाकतात. आत्या दारात आडवी उभी राहिली.

"मीठ पायदळी? मी या घरात असेपर्यंत नाही."

"आत्या, हा सायन्सचा प्रश्न आहे."

"मग सायन्सला सांग, राख टाक म्हणावं. तुमच्या लाकडाच्या शेगडीत ढीगभर पडलीये."

आई म्हणाली, "वन्सं म्हणतात ते करून बघ." राख टाकली आणि पाय खरंच धरू लागले. राहिलेल्या चिमूटभर राखेनं आत्यानं फाटकासमोरच्या बर्फावर छोटी रांगोळी काढली. "राखेची काढत नाहीत खरं तर," ती म्हणाली, "पण पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं?" वर कुंकवाचं बोट टेकवलं.

त्या दिवशी जिम वर आले, रांगोळी बघून थबकले, आणि तिला वळसा घालून कडेच्या घोटाभर बर्फातून गेले. "बाईमाणसाच्या चित्रावरून चालत नाहीत," असं मला ऐकवलं.

*

आमची राख आमच्या कुंपणापर्यंतच पुरली. आत्यानं बादली उचलली आणि जिमचं दार वाजवलं. बादली पुढे करून म्हणाली, "राख, जिमराव." त्यांच्या शेगडीकडे बोट दाखवलं. जिमनी थंड राख भरून दिली, आभारही मानले, कारण ती फेकायला त्यांना बाहेर यावं लागलं असतं. आत्यानं ती त्यांच्याच घरासमोर पसरली. मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. माझ्या पत्रकाला ज्यांनी उत्तर दिलं नव्हतं, ते सगळे फाटकाशी राखेचे डबे ठेवू लागले. फुटपाथ साफ करायला कुणी तयार नव्हतं. राख द्यायला सगळे तयार होते.

तो सगळा हिवाळा आई चालत गेली. मी घोड्याचं फावडं गॅरेजमध्ये टांगलं आणि काही दिवस कुणाला भाषण दिलं नाही.

*

आत्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परत गेली. आणि पंधरा दिवसांत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पुन्हा वीतभर बर्फ पडला. सकाळी सव्वासहाला आई बूट घालून तयार. बाबा मागे उभे. मी फावडं काढलं. आमच्याकडे राख मूठभर होती आणि आत्या कराडला.

फाटक उघडून टॉर्च मारला. आमच्या दारापासून मेन रोडपर्यंत, सातही घरांसमोरून, राखेचा करडा पट्टा गेलेला. आणि आमच्या फाटकाशी जिम, गुडघ्यांवर बसलेले, शेजारी बादली. त्यांच्या पुढ्यात राखेचे चार गुणिले चार ठिपके, त्यांतले निम्मे जोडलेले. मधोमध टोमॅटो सॉसचा एक थेंब.

आम्हाला बघून ते सावकाश उठले, गुडघे झाडले.

"कौन्सिलची माणसं येऊन गेलेली दिसतात," म्हणाले, आणि बादली घेऊन घरात गेले.

आईनं त्या ठिपक्यांना वळसा घातला, आणि सातही घरं कुठेही न बसता उतरून गेली.