पाण्यातलं रॉकेल

नातवानं सायकलच्या साखळीला रॉकेल चोळलं आणि त्या वासानं मी थेट हैदराबाद संस्थानातल्या, मराठी-कन्नड मिसळून बोलणाऱ्या आमच्या मेहकर गावच्या विहिरीवर पोचले. पोलीस ॲक्शननंतरची वर्षं. शेजारच्या गावात पटकीची साथ आलेली, म्हणून हैदराबादचा डॉक्टर बायांना समजवायला आला होता. उर्दू शाळेत चार बुकं शिकलेली अकरा वर्षांची मी त्याची दुभाषी, नाक वर करून उभी.

"पानी में जरासीम हैं, उबालकर पियो," डॉक्टर म्हणाला.

जरासीम कुणाला ठाऊक? माझ्या कानाला 'जरा सीमे' ऐकू आलं, आणि सीमेएण्णे म्हणजे कन्नडात रॉकेल. मी ठणकावून सांगितलं, "पाण्यात जरा सीमेएण्णे हाय, उकळून प्या म्हनायलेत."

शेजारच्या गौराक्कानं घागर हुंगली. "वास न्हाई की गं."

"जराच हाय, कसा येईल?"

"आन् चुलीवर भडकलं म्हंजे?"

तरी पटकीच्या भयानं तिनं सांजेला अंगणातल्या चुलीवर हंडा चढवला. बाया चार हात लांब. पाणी खदखदलं, पेटलं नाही.

"उडून गेलं बघा," अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली पाणी उकळू लागली.

जरासीम म्हणजे रोगजंतू, हे मला पुढच्या वर्षी मास्तरांनी सांगितलं. मी गावात कुणाला बोलले नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांसाठी गौराक्कानं सरपण जाळलं नसतं.